टोकियोतल्या फजितीची उरलेली अर्धी गोष्ट

नाव न छापण्याच्या विनंतीसह आलेल्या एका पत्राचा हा सारांश आहे. पत्र लिहिणाऱ्या भगिनी 52 वर्षांच्या आहेत. यजमानांना प्रवासाची आवड नाही आणि मुले नोकऱ्यांत गुंतलेली, तेव्हा आणखी किती वर्षे थांबायचे, असा विचार करून त्या गेल्या वर्षी पहिल्यांदाच एकट्या परदेशी गेल्या आणि टोकियोत सात दिवस राहिल्या. तिथे त्यांची पदोपदी फजिती झाली. शिंजुकू स्थानकातून भलत्याच वाटेने बाहेर पडल्यामुळे पाच मिनिटांवरचे हॉटेल शोधायला त्यांना दोन तास लागले. न्याहारी पहिल्या मजल्यावर असते, असे स्वागतकक्षात कळल्यावर त्या जिना चढून वर गेल्या आणि कपडे धुण्याच्या यंत्रांच्या खोलीत पोहोचल्या. न्याहारीची जागा स्वागतकक्षाला लागूनच आहे, हे समजेपर्यंत दोन सकाळी उपाशी गेल्या. तिकिटाचे फाटक अचानक बंद झाले, तेव्हा आपण पकडले गेलो असे वाटून त्या दोन्ही हात वर करून उभ्या राहिल्या. स्वच्छतागृहात पाणी सोडायचे समजून त्यांनी भिंतीवरचे लाल बटण दाबले आणि दाराबाहेर कर्मचारी धावत आले. एके रात्री शेवटची गाडी चुकली आणि त्याच वेळी फोनही बंद पडला. घरी परतल्यावर त्यांनी हे सगळे रंगवून सांगितले आणि मंडळी पोट धरून हसली. आता मात्र प्रत्येक कार्यात हाच विषय निघतो, भाचेमंडळी लाल बटणाची नक्कल करून दाखवतात, आणि येत्या नोव्हेंबरात त्यांनी एकटीने क्योतोला जायचे ठरवले असताना मुलगी म्हणते, "आई, तुला नाही जमत गं हे, एखाद्या टूरबरोबर जा." त्या विचारतात : मला खरोखरच जमत नाही का? काढलेले तिकीट रद्द करून टूर घ्यावी का? आणि ही फजिती मी कुणाला सांगायलाच नको होती का?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वाचनात एका ओळीपाशी थांबले. लाल बटणाचा प्रसंग तुम्ही पाऊण पान भरून लिहिला आहे, फाटकाच्या प्रसंगालाही तेवढीच जागा दिली आहे, आणि त्यानंतर जाता जाता लिहिले आहे : "पाचव्या दिवशी उएनो स्थानकात एक परदेशी जोडपे तसेच अडकले होते, त्यांना मी पिवळ्या पाटीच्या यंत्राकडे नेऊन पैसे भरायला मदत केली, असो." त्या 'असो'चे मला फार वाईट वाटले. ही गोष्ट तुम्ही घरी सांगितली का? मला वाटते, सांगितली नसावी, कारण तिच्यात हसण्याजोगे काही नव्हते. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला मात्र तिथेच दिसते, म्हणून आधी ते फाटकच नीट पाहू.

तुम्ही कार्ड टेकवले, पुढे पाऊल टाकले आणि कमरेच्या उंचीवरच्या दोन झडपा खटकन मिटल्या. वर लाल दिवा, बारीक घंटी आणि मागे कार्यालयातून घरी निघालेल्या माणसांची रांग. तुम्हाला वाटले, विनातिकीट प्रवासाचा आरोप येणार. झाले होते इतकेच की कार्डातली शिल्लक त्या अंतराच्या भाड्याला पुरत नव्हती. टोकियोतल्या बहुतेक स्थानकांत बाहेर पडण्याच्या फाटकाजवळच भाड्यातला फरक भरण्याचे यंत्र असते. कार्ड किंवा तिकीट त्यात घातले की कमी पडलेली रक्कम पडद्यावर दिसते, तेवढे येन भरले की फाटक उघडते. त्यासाठी दंड नसतो आणि कुणी जाबही विचारत नाही. आता हे यंत्र तिथे का आहे, याचा विचार करा. कमी भाडे भरून शेवटच्या स्थानकावर पोहोचणारी माणसे रोज इतकी असतात की त्यांच्यासाठी रेल्वेने कायमची सोय करून ठेवली आहे. तुमच्या मागे रांगेत उभ्या असलेल्यांपैकी अनेक जण त्या यंत्रासमोर कधी ना कधी उभे राहिलेले असणार. हात वर करून उभी असलेली प्रवासी त्यांनी पाहिली नसेल, हे मान्य, पण शिल्लक संपलेली प्रवासी त्यांना नवी नव्हती.

लाल बटणाची गोष्टही याच जातीची आहे. जपानमध्ये पाण्याचा फवारा सोडणारी, बसण्याची जागा तापवणारी विद्युत शौचपात्रे 1980 पासून घरोघरी पसरली, आणि प्रत्येक कंपनीने आपापल्या बटणांवर आपापली चित्रे छापली. परदेशी पाहुण्यांना त्यांचा अर्थ लागेना. तेव्हा तिथल्या उत्पादकांच्या संघटनेने 2017 साली सगळ्यांसाठी एकसारखी चित्रे ठरवली. म्हणजे तुमच्या आधी इतकी माणसे या भिंतीसमोर गोंधळली होती की एका आख्ख्या उद्योगाला एकत्र बसून त्यावर तोड काढावी लागली. पुढच्या वेळेसाठी आणि इतर वाचकांसाठी सांगते : वेगळे आणि ठळक लाल किंवा नारिंगी बटण बहुधा मदत बोलावण्याचे असते. पाणी सोडण्याची कळ पुष्कळदा टाकीच्या बाजूला असते, किंवा भिंतीवर हाताने झाकायचा छोटा संवेदक असतो. कोणती कळ कशाची, हे बसण्याआधी पाहून ठेवावे. धावत आलेल्या बाईंनी तुमच्याकडे पाहून, तुम्ही ठीक आहात याची खात्री करून मान लवून निरोप घेतला, असे तुम्हीच लिहिले आहे. माणूस पडला असेल, घेरी आली असेल, या काळजीने त्या आल्या होत्या. तुम्ही धडधाकट दिसल्यावर त्यांना हायसेच वाटले असेल, आणि त्या क्षणी तुम्हाला जी लाज वाटली तिच्यात त्यांचा काही वाटा नव्हता.

आता तुमच्या पत्रामागचे एक गृहीतक तपासू. तुम्ही धरून चालला आहात की ज्याला जमते त्याच्या हातून अशा चुका होत नाहीत. पण तुमच्या चुका एकेक करून पाहिल्या, तर त्या निष्काळजीपणातून झालेल्या दिसत नाहीत. जपानमध्ये तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात. आपल्याकडे पहिला मजला म्हणजे एक जिना वर, आणि ते तुम्हाला पन्नास वर्षे पक्के ठाऊक आहे, म्हणूनच तुम्ही वर गेलात. रस्त्यात भेटलेल्या आजोबांना तुम्ही डावीकडे बोट दाखवून विचारले आणि ते "हाय, हाय" म्हणाले. आधी तुम्हाला ते हळहळत आहेत असे वाटले, मग या शब्दाचा अर्थ 'हो' असा असतो हे आठवले आणि तुम्ही डावीकडे चालू लागलात. जपानी संभाषणात 'हाय'चा अर्थ 'हो' असतो हे खरेच आहे, पण 'ऐकतो आहे, बोला' एवढ्याच अर्थाने हुंकारासारखाही तो शब्द येतो. ते आजोबा तुमचे बोलणे पुरे होण्याची वाट पाहत होते, आणि तुम्ही निघाल्यावर काठी टेकत तुमच्या मागे आले. या दोन्ही ठिकाणी तुम्ही माहीत असलेल्या गोष्टीच्या आधाराने विचार करून पाऊल टाकले. नव्या गावात कोणत्याही शहाण्या माणसाने हेच केले असते. एकट्याने फिरताना शिकायचे असते ते एवढेच की बोट दाखवून 'हो की नाही' असे विचारण्यापेक्षा नकाशा किंवा नाव पुढे करून 'कुठे?' असे विचारावे, म्हणजे समोरच्याला दिशा दाखवावीच लागते.

शिंजुकूबद्दल तर मी तुमची बाजू घेऊन भांडायलाही तयार आहे. हे जगातले सर्वाधिक वर्दळीचे स्थानक आहे, तिथून रोज 30 लाखांहून अधिक प्रवासी ये-जा करतात आणि बाहेर पडण्याच्या वाटा 200 हून जास्त आहेत. त्यात भर अशी की टोकियोतल्या बहुतेक रस्त्यांना नावेच नाहीत. पत्ता रस्त्यावरून ठरत नाही, भाग, त्यातला गट आणि गटातली इमारत अशा आकड्यांनी ठरतो. 1962 च्या कायद्याने या आकड्यांना पुष्कळ शिस्त आली, तरी हाती पत्ता असूनही 'हा रस्ता कोणता' हा आपला नेहमीचा प्रश्न तिथे निरुपयोगीच ठरतो. अशा ठिकाणी पहिल्या संध्याकाळी, सामान ओढत, झोपेअभावी तारवटलेल्या डोळ्यांनी तुम्ही दोन तासांत हॉटेल शोधलेत. हॉटेलचे नाव लिहून घेण्याबरोबरच कोणत्या क्रमांकाच्या वाटेने बाहेर पडायचे, हे निघण्यापूर्वी लिहून घेतले, तर असे दोन तास वाचतात. टोकियोच्या भुयारी रेल्वेत 2004 पासून प्रत्येक स्थानकाला अक्षर आणि आकडा दिलेला आहे. आसाकुसा म्हणजे 'जी 19', उएनो म्हणजे 'जी 16'. आकडे उतरत्या क्रमाने जात आहेत की चढत्या, एवढे पाहिले की उलट्या दिशेची गाडी लगेच लक्षात येते. तिसऱ्या दिवसापासून तुम्ही हे आकडे वहीत मांडायला लागलात, असे पत्रात आहे. ते तुम्हाला कुणी शिकवले होते?

इतके सगळे तुमच्या बाजूने लिहिल्यावर एका प्रसंगाबद्दल मला स्पष्ट बोलले पाहिजे. शेवटची गाडी चुकल्याची गोष्ट तुम्ही इतर गमतींच्याच ओळीत बसवली आहे : स्थानकाची दारे बंद होत आहेत, तुम्ही पायऱ्यांवर बसला आहात, टॅक्सी येते, तिचे मागचे दार आपोआप उघडते आणि आतून कुणी उतरणार असे वाटून तुम्ही बाजूला सरून वाट पाहता. दाराचा भाग गोड आहे. चालक ते दार आपल्या जागेवरून उघडतो आणि मिटतो, हे पहिल्यांदा पाहणाऱ्या कुणालाही कळत नाही. पण त्याआधीचा तास गमतीचा नव्हता. मध्यरात्र उलटलेली, फोन मृत, हॉटेलचा पत्ता फक्त त्याच फोनमध्ये, आणि पारपत्र खोलीत ठेवलेले. जपानमध्ये अल्प मुदतीच्या परदेशी पाहुण्याने पारपत्र नेहमी जवळ बाळगणे कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे तीही चूकच होती. मुलीच्या मनात भीती बसली असेल तर ती या प्रसंगाने बसली असणार, लाल बटणाने नव्हे, आणि तिची ती भीती निराधार नाही.

म्हणून मी स्वतःशी एक भेद करते आणि एकट्याने निघणाऱ्या सगळ्यांना तोच करायला सांगते. ज्या गोंधळात फक्त वेळ किंवा थोडे पैसे जातात आणि माणूस ओशाळतो, तो गोंधळ खुशाल होऊ द्यावा. पण ज्या गोंधळात रात्र, आजारपण, पारपत्र किंवा निवाऱ्याचा पत्ता यांपैकी एकही गोष्ट गुंतलेली असेल, तो होऊच नये अशी तजवीज घरून निघण्यापूर्वी करावी. हॉटेलचे नाव आणि पत्ता तिथल्या लिपीत छापलेले कार्ड पहिल्याच दिवशी मागून घ्या आणि पर्समध्ये ठेवा. चार्ज साठवणारी बॅटरी सोबत असू द्या. तिथल्या गाड्या मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात थांबतात आणि पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतात, म्हणून परतीची वेळ शेवटच्या गाडीच्या तासभर आधीची ठरवा. जवळचे 'कोबान' कुठे आहे, ते पाहून ठेवा. कोबान म्हणजे पोलिसांची छोटी चौकी. ही व्यवस्था टोकियोत 1874 पासून चालत आली आहे आणि वाट चुकलेल्याला वाट दाखवणे हे तिथल्या रोजच्या कामातच मोडते. तक्रार असेल तरच पोलिसांकडे जायचे, हा संकोच तिथे बाजूला ठेवावा. पोलिसांसाठी 110 आणि रुग्णवाहिकेसाठी 119 हे क्रमांक कागदावर लिहा, फोनमध्ये नको. जपानच्या राष्ट्रीय पर्यटन संस्थेची पाहुण्यांसाठी चोवीस तास चालणारी दूरध्वनी सेवा आहे, तिथे इंग्रजीत बोलता येते; तो क्रमांकही त्याच कागदावर असावा.

आता घरच्या हसण्याकडे वळते, कारण तुमचा खरा सल तिथे आहे असे मला वाटते. फजिती सांगायला नको होती का, या प्रश्नाला माझे उत्तर 'सांगायलाच हवी होती' असे आहे. परतल्यानंतरच्या पहिल्या रात्री तुम्ही घरच्यांना हसवलेत, तेव्हा गोष्ट तुमच्या हातात होती : कुठे थांबायचे, कुठे आवाज चढवायचा, हे तुम्ही ठरवत होता. पुढे ती तुमच्या हातून सुटली. भाच्यांनी तिच्यातले बटण उचलले, यजमानांनी हात वर केलेली मुद्रा उचलली, आणि हसवणाऱ्या बाईंचे हळूहळू हसे होऊ लागले. यात कुणाचा दुष्टावा नाही, मला तशी शंकाही येत नाही. पण ज्याला लोक वारंवार हसतात ते माणसाला हळूहळू स्वतःचे वर्णन वाटू लागते, आणि पत्रातल्या "मी अशीच वेंधळी" या वाक्यात मला तेच दिसले. हे वाक्य तुम्ही टोकियोहून परतताना लिहिले असते का? विमानात लिहिलेल्या ज्या चार ओळी तुम्ही पत्रात उतरवल्या आहेत, त्यांत तर "पुढच्या वेळी क्योतो" असे आहे.

मला असे सुचवावेसे वाटते की ती नक्कल थांबवायला कुणालाही सांगू नका, तसे सांगितले तर ती जास्तच रंगते. पुढच्या वेळी विषय निघाला की गोष्ट स्वतःच्या हाती घ्या आणि तुम्ही कधीच न सांगितलेला भाग सांगा. फाटक बंद झाले, मी हात वर केले, इथवर त्यांना पाठ आहे. त्यानंतर त्या पिवळ्या पाटीपर्यंत तुम्ही कशा पोहोचलात, यंत्रावर भाषा कशी बदललीत, किती येन भरलेत, आणि तीन दिवसांनी त्या जोडप्याला तिथे कसे नेलेत, हे त्यांनी ऐकलेलेच नाही. न्याहारीचे कोडे तिसऱ्या सकाळी कसे सुटले, तेही सांगा. कुणी हसले नाही तरी चालेल. यजमानांना हे एकांतात आधी सांगितलेत तर उत्तम, कारण समारंभात हात वर करून दाखवणारा माणूस मग पुढचे वाक्यही आपणहून म्हणू लागेल, अशी मला आशा आहे.

राहिला टूरचा प्रश्न. टूरला मी कमी लेखत नाही. सामान कुणीतरी सांभाळणे, जेवणाची चिंता नसणे, सोबत बोलायला माणसे असणे, यात मोठे सुख आहे, आणि गुडघे दुखत असतील किंवा रात्री एकटीने खोलीत झोप लागत नसेल, तर मी तुम्हाला टूरच सुचवली असती. पण तुमच्या आठ पानी पत्रात एकटेपणाची तक्रार एकदाही आलेली नाही. आसाकुसाच्या देवळाच्या अंगणात संध्याकाळी दोन तास नुसते बसल्याचे तुम्ही लिहिले आहे, आणि टूरच्या वेळापत्रकात हे दोन तास मिळणार नाहीत. शिवाय या दोन टोकांच्या मध्ये पुष्कळ जागा आहे. क्योतोच्या पहिल्या दिवशी स्वयंसेवी वाटाड्याबरोबर फिरता येईल. जपानमध्ये असे हौशी भाषा-वाटाड्यांचे गट आहेत. ते मानधन घेत नाहीत, त्यांचा प्रवासखर्च आणि प्रवेशशुल्क मात्र आपण द्यायचे असते, आणि आधी कळवावे लागते. पहिला दिवस असा गेला की पुढचे दिवस एकटीचे.

क्योतो तुम्हाला टोकियोपेक्षा सोपे जाईल. शहराच्या जुन्या भागात रस्ते उभे-आडवे, एकमेकांना काटकोनात छेदणारे आहेत, त्यांना नावे आहेत, आणि पत्त्यात दोन रस्त्यांचा छेद सांगून पुढे 'वर' किंवा 'खाली' असे लिहितात. वर म्हणजे उत्तरेकडे, खाली म्हणजे दक्षिणेकडे. तुमचे टोकियोचे कार्ड तिथेही चालेल, कारण 2013 पासून ही प्रमुख कार्डे एकमेकांच्या भागांत चालतात. मात्र टोकियोत आत शिरताना टेकवून क्योतोत बाहेर पडता येणार नाही, त्या मोठ्या प्रवासाचे तिकीट वेगळे काढावे लागते. भुयारी रेल्वेच्या स्थानकांना तिथेही अक्षर आणि आकडा आहे. मुख्य क्योतो स्थानक 'के 11'. शहर बसमध्ये बहुधा मागच्या दाराने चढतात आणि उतरताना पुढे, चालकाजवळ, पैसे देतात. हे वाचूनही पहिल्या बसला तुम्ही पुढच्या दारापाशी उभ्या राहाल, अशी दाट शक्यता आहे, आणि चालक तुम्हाला हाताने मागे जायला सांगेल.

तिकीट रद्द करायची मुदत महिनाअखेरीस संपते, असे तुम्ही लिहिले आहे. त्याआधी एका संध्याकाळी मुलीला शेजारी बसवा आणि तिला तीन गोष्टी विचारा : तिला नेमकी कोणत्या प्रसंगाची भीती वाटते, रोज कोणत्या दोन वेळी फोन आला म्हणजे तिचा जीव निश्चिंत राहील, आणि किती तास फोन आला नाही तर तिने काय करायचे. ही उत्तरे कागदावर उतरवा, हॉटेलचा पत्ता आणि क्रमांक त्याच कागदावर लिहा आणि त्याची एक प्रत तिच्याकडे द्या. मग तुमची ती टोकियोची वही तिच्या हातात ठेवा, तिसऱ्या दिवसापासूनची पाने उघडून. आकड्यांचे ते तक्ते, फाटकाजवळच्या यंत्राचे तुम्ही काढलेले वेडेवाकडे चित्र आणि त्याखाली लिहिलेली भाड्याची रक्कम तिने अजून पाहिलेली नाही.